झोपाळ्याला पांढरा रंग द्यावा का?

मालवण तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय. पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, लग्नानंतर इतकी वर्षं आम्ही ठाण्याला होतो. या मे महिन्यात सगळेच गावी, सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. घर चिऱ्याचं, जुनं. सामान आजेसासऱ्यांच्या वेळचं आहे. पडवीत फणसाचा झोपाळा, सागवानी आरामखुर्ची (वेताची बैठक मधोमध फाटलीय), माजघरात हिरव्या ऑइल पेंटचा मोठा पेटारा, एक लोखंडी कपाट आणि त्यातल्या त्यात नवं म्हणजे सनमायकाचं शोकेस. सगळं काळपट, उदास दिसतं. लोक जुन्या फर्निचरला पांढरा किंवा फिकट निळा रंग देतात, वर सुंदर कापडाच्या गाद्या करतात, आणि खोली एकदम उजळते, असे व्हिडिओ मी रोज बघते. गणपतीला मुंबईहून सगळे येणार. त्याआधी मला हे करायचंय. मी या घरात काहीतरी केलं असं दिसावं, एवढीच इच्छा. पण सासूबाई म्हणतात, 'फणसाच्या लाकडाक रंग लावतत काय गो?' ह्यांचं म्हणणं, तुमचं तुम्ही दोघी ठरवा. मी सुरुवात कुठून करू? आईंची जुनी नऊवारी लुगडी आहेत, ती गाद्यांना वापरता येतील का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी थेट उत्तर देते, कारण हातात दीड महिना आहे आणि पावसाचे दिवस आहेत. झोपाळ्याला पांढरा रंग देऊ नका, आताही नाही आणि नंतरही नाही. पेटारा जरूर रंगवा, पण दिवाळीनंतर. कापडाचं काम मात्र आजच सुरू करा. गणपतीला घर बदललेलं दिसेल ते त्या कापडामुळे आणि चांगल्या सफाईमुळे. तुमची इच्छा अगदी रास्त आहे. ज्या घरात आता कायमचं राहायचं, तिथे आपला हात दिसावा असं कुणालाही वाटेल. फक्त तो हात कुठे फिरवायचा आणि कुठे आवरायचा, एवढंच ठरवायचंय.

झोपाळ्याबाबत सासूबाईंचं बरोबर आहे, आणि त्यामागे नुसती जुनी रीत नाही. फणसाचं लाकूड ताजं चिरलं की हळदीसारखं पिवळं असतं. वर्षं जातात तसं ते तांबूस, मग गडद तपकिरी होतं. तो पिवळेपणा लाकडातल्या रंगद्रव्याचा आहे. तो इतका पक्का की बौद्ध भिक्खूंची चीवरं फणसाच्या लाकडाचा भुसा उकळून रंगवत आले आहेत. हेच द्रव्य पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगातून वर झिरपतं. पहिल्या महिन्यात झोपाळा सुंदर दिसेल, मग गाठींच्या आणि सांध्यांच्या जागी पिवळट-तपकिरी डाग उमटू लागतील. पेंटर म्हणेल, अजून एक हात मारू. त्या हातातूनही डाग वर येतो. चपड्याचा, म्हणजे लाखेचा, थर आधी दिला तर डाग अडतो हे खरं, पण झोपाळ्याची अडचण तेवढ्याने सुटत नाही. त्यावर दिवसभर कुणी ना कुणी बसतं, पाय घासतात, मुलं कडेवर उभी राहतात. कडांचा रंग पहिल्याच वर्षी उडणार आणि पांढऱ्याखालून काळं लाकूड डोकावणार. शिवाय तुमच्या अंगणात तांबडी माती आहे आणि पावसात भिंतीपासून सुपापर्यंत सगळ्याला बुरशी धरते. पांढऱ्यावर या दोन्ही गोष्टी लांबून दिसतात.

याहून मोठं कारण म्हणजे हे परत फिरवता येत नाही. एकदा रंग रेषांत आणि सांध्यांत शिरला की तो काढायला सुताराला वरचं लाकूडच रंधावं लागतं. इतक्या वर्षांत हाताने गुळगुळीत झालेला पृष्ठभाग रंध्याखाली निघून जातो, आणि तो विकत मिळत नाही. सागवानी खुर्चीलाही हेच लागू. सागात मुळात तेल असतं, त्यामुळे त्यावर रंग नीट धरतही नाही. चांगलं लाकूड उघडं ठेवावं, हलकं किंवा आधीच रंगवलेलं असेल ते बिनधास्त रंगवावं. माझा नियम एवढाच आहे.

मग झोपाळा काळपट का दिसतो? बहुतेक वेळा तो काळेपणा लाकडाचा नसतोच. हाताचं तेल, चुलीचा धूर, जुनं पॉलिश, आणि आपल्याकडे दरवर्षी सणाला खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवय. खोबरेल कधी वाळत नाही. ते चिकट राहतं, त्यावर धूळ बसते, पावसात बुरशी धरते, मग पुढच्या वर्षी पुन्हा तेल. असे कित्येक थर तुमच्या झोपाळ्यावर असतील.

तेव्हा एखाद्या उघडिपीच्या दिवशी झोपाळ्याच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढा तुकडा निवडा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या, पाणी मुरू देऊ नका. तो भाग वाळला की कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून त्याच जागी हलका फिरवा. बोळा काळा-तपकिरी होऊन येईल. दुसरा घ्या, तिसरा घ्या. बोळा जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. मग उजेडात बघा. फणसाचा तांबूस-मधाळ रंग आणि आतली रेष दिसू लागेल, आणि हा तुकडा सासूबाईंना बोलावून दाखवा. पूर्ण झोपाळा असा साफ करायला दोन-तीन दुपारी जातील. हे काम पावसातही करता येतं, आणि गणपतीत पडवीत शिरणाऱ्या प्रत्येकाला ते दिसेल.

साफ झाल्यावर आणखी एक चाचणी करा. त्याच लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने बोट लावा. चिकट लागलं तर वर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. मग दिवाळीनंतर पॉलिशवाल्याकडून त्यावरच नवा हात मारून घ्या, जुनं खरवडायची गरज नाही. आता पावसात मात्र पॉलिश करू देऊ नका, तो कितीही तयार असला तरी. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश दुधासारखं पांढुरकं होतं. थेंबाने काहीच झालं नाही तर लाकडावर तेल किंवा मेणच असेल. अशा लाकडाला कोरड्या दिवसांत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं तेल पुसून काढा. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, खोबरेल होत नाही, हा फरक लक्षात ठेवा. आणि हे फार महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. वापरून झाली की पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर दोरीवर एकेक पसरून वाळवा.

गावात कुणीतरी काजूच्या टरफलाचं तेल लावा असंही सांगेल. गोठ्याच्या खांबांना, कुंपणाच्या वाशांना, होड्यांना ते पूर्वीपासून लावतात, वाळवी लांब राहते. पण ते काळं असतं, कातडीला लागलं तर फोड येतात. बसायच्या वस्तूला ते अजिबात नको.

आता ऋतूचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं. तुमच्याकडेही खण अडकत असतील, दारं घासत असतील. अशा लाकडावर ऑइल पेंट मारला तर ओल आत कोंडते. हिवाळ्यात लाकूड आकसलं की सांध्यांवर रंग तडकतो, कुठे फोड येतात. डब्यावर लिहिलेली वाळायची वेळ कोरड्या हवेतली असते. इथे श्रावणात रंग बोटाला कोरडा लागला तरी आतून मऊ असतो, आणि त्यावर ठेवलेली समई किंवा गादी चिकटून बसते. रंग, पॉलिश, लांबी यांसाठी देवदिवाळी ते शिमगा हा काळ धरा. तेव्हाही सकाळचं दंव उडाल्यावर काम सुरू करावं आणि चारच्या सुमारास ब्रश धुऊन ठेवावा. तुमचं घर समुद्राजवळ असेल तर रंगाच्या आदल्या दिवशी वस्तू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. खाऱ्या वाऱ्याने लाकडावर आणि लोखंडावर मिठाचा पातळ थर बसलेला असतो. तो रंगाखाली राहिला तर ओल ओढून घेतो.

पेटाऱ्यात तुम्हाला हवं ते करता येईल. तो आधीच रंगवलेला आहे, लाकूड झाकलेलं आहे, सासूबाईंनाही इथे फार हरकत असेल असं वाटत नाही. एक काळजी मात्र घ्याच. आपल्या देशात घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. तुमचा पेटारा त्याहून कितीतरी जुना आहे. म्हणून त्यावर कोरडा पॉलिश पेपर किंवा घासायचं मशीन चालवू नका. तो भुसा श्वासातून आणि मुलांच्या हातातोंडातून पोटात जातो. जुना रंग पक्का असेल तर तो काढायची गरजच नाही. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, २२० किंवा ३२० नंबरचा, ओला करून हलक्या हाताने फिरवा, चमक मेली की पुरे. तोंडाला मास्क, मुलं परसात, आणि घासलेलं पाणी विहिरीजवळ किंवा आळ्यांत न ओतता फडक्याने टिपून कचऱ्यात. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने करू नये.

पुढचं सोपं आहे. भेगा लांबीने भरा, वाळू द्या, वूड प्रायमरचा एक हात, मग इनॅमलचे दोन पातळ हात, दोन हातांमध्ये एक पूर्ण रात्र. जाड हात एकदाच मारून मोकळं व्हायची घाई नको, जाड थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. लोखंडी पट्ट्या असतील तर त्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढून फक्त पट्ट्यांना रेड ऑक्साइड प्रायमर द्या. बदलायचे स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाऱ्या हवेत ३०४ नंबरच्या स्टीलपेक्षा ३१६ जास्त टिकतं, महाग असलं तरी पेटाऱ्याला लागतात ते किती!

रंग कोणता, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पांढरा आणि फिकट निळा थंड देशांतल्या कमी उजेडाच्या खोल्यांत खुलतो. आपल्याकडे बाहेर इतकं ऊन आणि हिरवं आहे की माजघरातल्या सावलीत गडद रंगच भरदार दिसतो. मोरपंखी, गडद निळा, नाहीतर आहे तोच हिरवा पण ताजा. आपल्या दारा-खिडक्यांचे जुने रंग हेच आहेत आणि ते चिऱ्याच्या भिंतीशेजारी शोभतात.

पेटाऱ्याचा आतला भाग रंगवू नका. बंद जागेत वास महिनोन्‌महिने राहतो आणि कपडे चिकटतात. आत कापड लावायचं असेल तर खळीने चिकटवू नका, खळ म्हणजे कसरीला आणि बुरशीला आमंत्रण. साधं सुती कापड मापाने शिवून आत नुसतं पसरा, काढून धुता येईल. पेटारा, खुर्ची, कपाट, ज्याचे पाय जमिनीला टेकतात त्यांच्या पायांचे तळ मात्र उलटे करून प्रायमर आणि रंगाने नीट बंद करा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच ओढतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, म्हणून भिंतीपासून चार बोटं अंतर हवंच.

लोखंडी कपाटाचं थोडक्यात: आता हात लावू नका, घासलेलं लोखंड या हवेत काही तासांत पुन्हा गंजतं. हिवाळ्यात गंज काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड द्या, मग इनॅमल. पायाखाली दगडी लाद्या ठेवा, लादी पुसताना लागणाऱ्या पाण्यानेच खालचा पत्रा खातो.

शोकेसचं आधी तळ बघा. भुशाच्या बोर्डाच्या कडा फुगून भुगा होत असेल तर रंगावर पैसे घालू नका. प्लाय घट्ट असेल तर सनमायकाची चमक घासून काढून गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर आधी लावावा लागतो, नाहीतर रंग नखाने सुटतो. मला विचाराल तर त्याची दारं काढा, तारेवर सुती पडदा सरकवा. आत हवा खेळेल, वस्तूंना बुरशी कमी धरेल आणि तुमचं कापडही दिसेल.

आरामखुर्चीच्या फाटक्या बैठकीवर प्लाय ठोकून वर फोम बसवायचा विचार असेल तर तो सोडा. चौकटीच्या भोकांत खिळे गेले की पुन्हा कधी वेत विणता येत नाही. शिवाय लोखंडी खिळा किंवा स्टेपलची पिन सागवानात ओलीला लागली की भोवती काळे डाग पडतात. वेत विणणारे कमी झालेत, पण शोधले तर मिळतात. अंध व्यक्तींना प्रशिक्षण देणाऱ्या अनेक संस्थांत खुर्च्या विणायचं काम पूर्वीपासून शिकवतात, तिथेही चौकशी करा. पाठीची विण शाबूत पण सैल असेल तर तिला मागच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने चांगलं भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वेत वाळताना आकसून ताणला जातो. विणीवर ऑइल पेंट कधीही नको, भोकं बुजतात आणि वेत कडक होऊन तुटतो. पडवीत पावसाची झड लागत असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीची विणही चालेल. ती वेताइतकी देखणी नाही, पण कुजत नाही, आणि सासरे रोज बसणार असतील तर मी तीच निवडेन.

आता कापड, म्हणजे तुमच्या गणपतीची खरी तयारी.

लुगडी वापरता येतील, पण एकेरी नाही. जुनं लुगडं गादीवर तसंच चढवलं तर बसल्याबरोबर फाटेल. आधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरून बघा. जिथे विरलंय, आरपार दिसतंय, तो भाग बाजूला काढा. उरलेल्या भागावर दोन्ही अंगठे टेकवून कापड जरा ताणा. तंतू सरकले किंवा बारीक आवाज आला तर तेही बाद. मग रंग पाहा: पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासा. रंग लागला तर ते लुगडं बसायच्या गादीला नको, दमट हवेत पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर उतरेल. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होत नाही, सगळे सांगतात तरी. अशा लुगड्याचा शोकेसला पडदा करा.

चांगल्या लुगड्याची गोधडी करायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. झोपाळा पाच फुटी असेल तर शिलाई आणि आकसणं धरून पावणेदोन मीटरचे तीन तुकडे काढा, ते एकावर एक ठेवून चारही बाजूंनी टाके घाला आणि मग कडेपासून आत, बोटभर अंतराने, धावदोऱ्याच्या ओळी घालत जा. तीन विरळ थर त्या टाक्यांनी एकजीव होतात आणि नव्या कापडासारखे मजबूत होतात. हे काम सासूबाईंना नक्की येत असेल, आणि तुमच्यापेक्षा सरळ टाका त्यांचाच पडेल. त्यांच्याच लुगड्याला त्यांचाच हात लागू द्या. वरची बाजू ही गोधडी, खालची बाजू जाड कॅनव्हास किंवा खादी, मध्ये चेन. चेन नायलॉनची घ्या, धातूची गंजून कापडावर डाग पाडते. उरलेल्या तीन मीटरांत लोडाचे दोन अभ्रे होतील. काठ आधीच वेगळा काढून ठेवा, तो अभ्र्यांच्या कडेला पायपिनसारखा लावला की खुलतो. नवं कॅनव्हास किंवा खादी शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग खोळ गादीवर चढत नाही.

आत काय भरायचं? फोम घेतला तर ४० डेन्सिटीचा घ्या, हलका फोम झोपाळ्यावर वर्षभरात बसतो. पण फोम ओला झाला की वाळता वाळत नाही. सावरीचा कापूस मिळाला तर लोडांना तोच भरा. त्याचे तंतू पोकळ आणि मेणचट असतात, पाणी सहज धरत नाहीत, पूर्वी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत तो भरत असत. तो धुता येत नाही, उन्हात घालावा लागतो, आणि दिव्यापासून जपावा लागतो कारण पटकन पेटतो. रेक्झिन कितीही चकचकीत दिसलं तरी नको. घाम येतो, खाली ओल साठते आणि खाऱ्या हवेत ते भेगाळतं. मखमलीत बुरशी लपून राहते.

गादी झोपाळ्याला ठोकायची नाही. कोपऱ्यांना कापडी बंद शिवा आणि ते कड्यांना बांधा. पावसाळी रात्री गादी आत घ्या. गणपती गेले की खोळी धुऊन, कडकडीत वाळवून पेटाऱ्यात ठेवा आणि नवरात्रापर्यंत झोपाळा नुसता राहू द्या. कापड जितकं काढता येण्यासारखं, तितकं ते इथे टिकतं.

ब्रश हातात धरायची हौस मात्र आताच भागवायची असेल, तर गणपतीचा चौरंग घ्या. लहान वस्तू आहे, घरात पंख्याखाली ठेवून वाळवता येते. आधीपासून रंगवलेला असेल तर वरच्यासारखाच ओला पॉलिश पेपर, आणि पाण्यात मिसळणारा इनॅमल पातळ हातांनी. गणपती बसायच्या निदान दहा दिवस आधी संपवा म्हणजे रंग कडक होईल. नक्षी हवी असेल तर एकदा सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन या. लाखेचे रंग दिलेली लाकडी फळं-खेळणी, रंगवलेले पाट तिथे मिळतात. गंजिफाच्या गोल पत्त्यांवरची वेलबुट्टी सावंतवाडीच्या राजवाड्यात जवळून बघता येते. राणी सत्त्वशीलादेवी भोसले आणि राजे शिवरामराजे यांनी ती कला मोडकळीला आलेली असताना पुन्हा उभी केली. तिथली एखादी साधी वेल कागदावर उतरवून घ्या आणि चौरंगाच्या चार कडांना काढा. आरतीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथे जाईल, आणि कुणाला सांगावं लागणार नाही की हे कुणी केलं.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच करा. झोपाळा उतरवून त्याच्या कड्या बघा. कडी कडीत अडकते तिथे लोखंड रोज घासून झिजतं. कडीचा न घासलेला भाग आणि घासलेला भाग शेजारी शेजारी बोटांनी चाचपा. बोटांना झीज स्पष्ट लागली तर कडी लोहाराकडून बदलून घ्या, नुसती रंगवून लपवू नका. पितळी कड्या असतील तर आमसुलाच्या पाण्याने उजळतील, झीज मात्र त्यांचीही तपासा. मग शिडी लावून वरचं आकडं ज्या तुळईत बसवलंय तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक सहज आत गेलं, भुसा पडला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर झोपाळा पुन्हा टांगू नका, सुतारमामांना बोलवा. गणपतीत मुंबईची चार-पाच मुलं एकदम त्यावर चढणार आहेत.

तुमची,
ताई